बाल्झाकची प्रेम, स्त्री आणि विवाह यांविषयीची वचने कशी वाचावीत?

पुस्तकवेडी:
नमस्कार. ओनोरे द बाल्झाक या फ्रेंच कादंबरीकाराच्या वचनांचा एक संग्रह मी सध्या वाचत आहे. रोजच्या रोज चतुराईने बोलण्यापेक्षा अधूनमधून गोड बोलणे सोपे असते, म्हणून नवरा होण्यापेक्षा प्रियकर होणे सोपे, अशा अर्थाचे त्याचे वाक्य वाचून फार आनंद झाला. पण पुढेच, विवाहित स्त्री ही गुलाम असून तिला सिंहासनावर बसवता आले पाहिजे, अशा आशयाचे वाक्य आले आणि मी थबकले. या माणसाला स्त्रियांविषयी कळवळा होता की तुच्छता होती? दोन्ही वाक्ये एकाच लेखणीतून कशी उतरली असावीत? जाणकारांनी कृपया सांगावे.

फ्रेंच-अभ्यासक:
आपण दिलेली दोन्ही वाक्ये 'फिझिओलोजी द्यु मारियाज' म्हणजे विवाहाचे शरीरविज्ञान या पुस्तकातील आहेत. ते 1829 मध्ये निघाले तेव्हा मुखपृष्ठावर लेखकाचे नाव नव्हते, 'एक तरुण अविवाहित' एवढाच उल्लेख होता. बाल्झाक तेव्हा तीस वर्षांचा होता. तीस चिंतनांत विभागलेले हे पुस्तक वरवर नवऱ्यांना बायको ताब्यात कशी ठेवावी हे शिकवते. मात्र त्यातील सर्वांत तिखट वाक्ये नवऱ्यांवरच आहेत. लग्न करणारे बहुतेक पुरुष व्हायोलिन वाजवू पाहणाऱ्या ओरांगउटानसारखे असतात, असे तो म्हणतो, आणि सवय हा सारे गिळून टाकणारा राक्षस असून विवाहाला त्याच्याशी अखंड झुंजावे लागते, असेही बजावतो.

'गुलाम' हा शब्द मात्र त्या काळच्या कायद्यासमोर ठेवून वाचावा, अशी माझी विनंती आहे. 1804 च्या नागरी संहितेच्या 213 व्या कलमाने नवऱ्यावर बायकोच्या रक्षणाची आणि बायकोवर नवऱ्याच्या आज्ञापालनाची जबाबदारी टाकली होती. क्रांतीच्या काळात, 1792 मध्ये, मिळालेला घटस्फोटाचा अधिकार 1816 मध्ये काढून घेण्यात आला आणि तो 1884 पर्यंत परत आला नाही. सुखवस्तू घरांतील मुलगी मठातील किंवा वसतिगृहातील शिक्षण संपवून, हुंड्याच्या करारावर सह्या झाल्या की जवळजवळ अनोळखी पुरुषाच्या घरी जात असे. त्या स्थितीतील स्त्रीला गुलाम म्हणणे हे मला वस्तुस्थितीचे वर्णन वाटते. त्याच पुस्तकात तो मुलींना लग्नाआधी मोकळीक द्यावी आणि हुंडे बंद करावेत असेही सुचवतो, पण वचनसंग्रहांत तो भाग सहसा येत नाही.

संध्याकाळचा_वाचक:
वरील प्रतिसादातील माहिती मला मान्य आहे, निष्कर्ष पूर्णपणे मान्य नाही. गुलामाला सिंहासनावर बसवायचे कौशल्य नवऱ्याला शिकवणारा लेखक तिची बेडी काढा असे त्या वाक्यात म्हणत नाही. ती बेडी तिला जाणवू नये, एवढीच काळजी घ्यायला सांगतो. तो दया दाखवतो, निरीक्षणही अचूक करतो, तरी निर्णय घेण्याचा हक्क पुरुषाकडेच राहतो हे त्याने गृहीत धरलेले आहे, आणि तसे स्पष्ट म्हटल्याने त्याचे मोठेपण कमी होत नाही.

वचनसंग्रहांविषयी माझी खरी तक्रार वेगळी आहे. कादंबरीतील पात्राचे बोल त्यांत लेखकाचे मत म्हणून छापले जातात. 'पेर गोरियो' मध्ये मादाम द बोसेआं तरुण रास्तिन्याकला सांगते की जितक्या थंडपणे हिशेब कराल तितके पुढे जाल. ज्याच्यावर तिने प्रेम केले तो माणूस श्रीमंत मुलीशी लग्न करण्यासाठी तिला सोडून चालला आहे, आणि ती जखम ताजी असताना ती हे बोलते, हे ठाऊक नसेल तर उरते ते फक्त एक निगरगट्ट वाक्य.

'युजेनी ग्रांदे' (1833) मधील उदाहरण तर अधिक जिव्हारी लागणारे आहे. सोम्युर गावच्या कंजूष बापाची मुलगी युजेनी आपली साठवलेली सोन्याची नाणी चुलतभाऊ शार्लला देते. तो परदेशी जातो, श्रीमंत होऊन परततो आणि तिला पत्र लिहितो की विवाहातील प्रेम ही कल्पनेतली गोष्ट आहे. सुटे छापले तर हे वाक्य चमकदार वाटेल. कादंबरीत मात्र खानदानी घराण्यात लग्न जुळवणाऱ्या माणसाची ती सबब आहे. एवढे होऊनही युजेनी त्याच्या दिवंगत वडिलांची देणी चुकती करते.

फ्रेंच-अभ्यासक:
सिंहासनाच्या वाक्याबाबत आपला आक्षेप रास्त आहे. ती बाजू मी पुरेशी मांडली नव्हती. फक्त एक भर घालतो. 1842 मध्ये पुस्तकरूपाने आलेली 'दोन तरुण नववधूंच्या आठवणी' ही त्याची पत्ररूप कादंबरी दोन मैत्रिणींभोवती फिरते. लुईज दोन्ही वेळा प्रेमविवाह करते आणि दुसऱ्या पतीवरील निराधार संशयाने झुरून मरते, तर रेने व्यवहार पाहून लग्न करते, मुलांत रमते, आणि तरी तिच्या पत्रांत काहीतरी गमावल्याची हुरहुर राहते. ही कादंबरी त्याने जॉर्ज सांद या लेखिकेला अर्पण केली होती, आणि रेनेसोबत दीर्घकाळ जगण्यापेक्षा लुईजच्या हातून मरणे पत्करेन, असे त्याने तिला कळवले होते. कथेचा शेवट रेनेच्या बाजूने झुकतो आणि लेखकाचे मन लुईजकडे ओढ घेते. त्याच्या स्वतःच्या आयुष्यातही हेच दिसते: 1832 मध्ये 'परदेशी स्त्री' अशा सहीने ज्यांचे पत्र आले, त्या एव्हेलिना हान्स्कांशी त्याचे लग्न 1850 च्या मार्चमध्ये झाले आणि ऑगस्टमध्ये तो वारला.

पुस्तकवेडी:
दोघांचे मनापासून आभार. संग्रह सध्या बाजूला ठेवते. सुरुवात कोणत्या कादंबरीपासून करावी?

संध्याकाळचा_वाचक:
'युजेनी ग्रांदे' पासून करा. ती आकाराने लहान आहे आणि शार्लचे पत्र शेवटाकडे येते. ते वाचून झाले की संग्रह पुन्हा उघडा.