स्टाफरूममध्ये पुन्हा मुलांच्या गोष्टी निघाव्यात म्हणून काय करावं?

गोवंडीच्या बाई:
आमची प्राथमिक शाळा दोन सत्रांत भरते. मी दुपार सत्राची मुख्याध्यापिका, शिक्षक अकरा. तिघांना बीएलओचं, म्हणजे घरोघरी जाऊन मतदार यादी तपासायचं काम आहे. मतदार यादी घेऊन चाळी पालथ्या घालून आलेल्या बाईंच्या अंगात वर्गात त्राणच उरत नाही. मधल्या सुट्टीत विषय एकच, यू-डायसची, म्हणजे शाळा आणि मुलांच्या सरकारी पोर्टलची, कोणाची माहिती भरायची राहिली. परवा दुसरीतल्या एका मुलाबद्दल कुणी म्हणालं, "तो आधार जुळत नाही तो." नाव कुणाच्याच तोंडी आलं नाही. रात्री झोप लागली नाही मला.

शनिवारच्या बैठकीत खेळ घ्यावेत असं वाटतं. मागे गट पाडून, गुण देऊन फुग्यांची शर्यत घेतली होती. हरलेल्या दोघी आठवडाभर बोलत नव्हत्या. तुमचा अनुभव सांगाल का?

माजी बालवाडी शिक्षिका, दादर:
बाई, गुण आधी काढा. 'मामाचं पत्र हरवलं' घ्या, गुडघे दुखतात त्यांना सागरगोटे द्या. दहाच मिनिटं. मग चिठ्ठ्या: प्रत्येकाने आपल्या वर्गातल्या एका मुलाने या आठवड्यात काय केलं ते एका ओळीत लिहायचं. नाव नाही, मार्क नाहीत. चिठ्ठ्या डब्यात टाकायच्या, दुसऱ्याने वाचायची, मूल कोणतं ते सगळ्यांनी ओळखायचं. पहिल्यांदा निम्म्या शिक्षकांना लिहायला काही सुचत नाही. रागावू नका. पुढच्या सोमवारी तेच वर्गात नीट बघायला लागतात.

आणि हॉलमध्ये बोलावू नका. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी डहाणूजवळच्या बोर्डीत १९४५ साली काम सुरू केलं तेव्हा मुलं शाळेत येईनात, म्हणून शाळाच त्यांच्या अंगणात नेली. तुम्हीही स्टाफरूममधलंच टेबल सरकवा.

कुर्ल्याचा शिक्षक:
मॅडम, एक विनंती. फोटो काढू नका, ग्रुपवर टाकू नका. फोटो निघाला की तो अहवाल होतो आणि आम्ही हसण्याचं कामही उरकून टाकतो.

दोन मुलांचा बाप, शिक्षकही:
खेळ घ्या, पण ओझंही उचला. शिक्षण हक्क कायदा २००९, कलम २७: जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून शिक्षकांना बिगरशैक्षणिक काम देता येत नाही. बीएलओ त्या सवलतीत बसतं, बाकी बरंच बसत नाही. कुठलं काम परत पाठवता येईल ते एकदा यादी करून बघा. आमच्या मुख्याध्यापकांनी पोर्टलची निम्मी माहिती स्वतः बसून भरली, तेव्हा आम्ही त्यांचं ऐकायला लागलो.

गोवंडीच्या बाई:
काल केलं. चिठ्ठ्या अकरापैकी सातच आल्या. एकीत होतं, "पाऊस आला की हा सगळ्यांच्या चपला आत घेतो." कुणालाच ओळखता येईना. शेवटी पहिलीच्या बाई म्हणाल्या, "अहो, हा तर गेल्या वर्षी माझ्याकडे होता," आणि त्यांनी त्याचं नाव घेतलं. तोच तो मुलगा. त्याच्या आधारचे कागद घेऊन सोमवारी त्याच्या आईबरोबर मी स्वतः केंद्रावर जाणार आहे.