सीए इंटर (चार्टर्ड अकाउंटंटची मधली परीक्षा) : जुने पेपर ठेवायचे की रद्दीत? (अनुभव धागा)

खडीसाखर
माळा आवरताना आरटीपी (सरावाचे प्रश्नसंच) आणि सजेस्टेड आन्सर्सचा (नमुना उत्तरांचा) गठ्ठा उतरला. खडूने लिहिलेलं 'ग्रुप १' (तीन पेपरांचा पहिला गट) बघून पोटात जुना गोळा आला! भाचीची इंटर आहे. तिला द्यायचा की किलोवर घालायचा? वर २०१८ चं टॅक्स दिसतंय. जुने पेपर कोणते, कधी, कसे सोडवायचे ते नेमकं लिहा. 'मन लावून कर' हे सांगायला घरात आजी आहे.

तेरीज
टॅक्सचे प्रश्न ठेव, उत्तरं फाड. गंमत नाही. निर्धारण वर्ष २०२४-२५ पासून ११५बीएसी (कमी दर, पण बहुतेक वजावटी नाहीत अशी नवी करपद्धत) हीच मूळ पद्धत झाली, जुनी हवी तर निवडावी लागते. म्हणजे ८०सीची (गुंतवणुकीवरची) वजावट धरून काढलेलं जुनं उत्तर पहिल्याच ओळीत घसरतं. २३ जुलै २०२४ पासूनच्या विक्रीला इंडेक्सेशन (महागाईप्रमाणे खरेदी किंमत वाढवून धरणं) गेलं, निवासी व्यक्ती आणि एचयूएफच्या (हिंदू अविभक्त कुटुंबाच्या) त्या तारखेआधी घेतलेल्या घर-जमिनीला तेवढं तुलनेपुरतं उरलंय. जीएसटीतही तेच. १ फेब्रुवारी २०१९ च्या आधीच्या उत्तरांत सीजीएसटीचं (केंद्राच्या जीएसटीचं) क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, आधी सीजीएसटीला लावलेलं दिसेल. आता आयजीएसटीचं (आंतरराज्य व्यवहारावरच्या जीएसटीचं) क्रेडिट पूर्ण संपल्याशिवाय बाकीच्यांना हात लावता येत नाही. प्रश्न तोच, पण रोखीने भरायचा आकडा बदलतो.

पाटीपेन्सिल
लॉ पण घे त्यात. स्मॉल कंपनीची मर्यादा भरणा भांडवल २ कोटी, उलाढाल २० कोटी होती, सप्टेंबर २०२२ मध्ये ४-४० झाली, नंतरही हलली. सध्याचं स्टडी मटेरियल शेजारी उघडं ठेवूनच जुना पेपर.

ताळा_जुळेना
अकाउंट्सचे अजिबात टाकू नकोस ताई! हायर परचेस, इन्शुरन्स क्लेम २०२४ च्या नव्या अभ्यासक्रमातून गेले, तेवढे काट मार. एएस (लेखामानकं), अमाल्गमेशन (कंपन्यांचं विलीनीकरण), बायबॅक (कंपनीने स्वतःचेच शेअर परत विकत घेणं) अजून खणखणीत.
बायबॅकमध्ये मुलं हमखास एका जागी पडतात. किती शेअर परत घेता येतील याच्या तीन कसोट्या : शेअर्सच्या संख्येच्या २५%, भरणा भांडवल अधिक फ्री रिझर्व्हच्या (वाटता येण्याजोग्या राखीव रकमेच्या) २५%, आणि कर्ज-इक्विटी (मालकांचा पैसा) २:१. तिन्हींतला सगळ्यात लहान आकडा घ्यायचा. पहिल्या दोन सरळ आहेत. तिसरीत बायबॅकच्या दर्शनी किमतीइतकी रक्कम सीआरआरला (कॅपिटल रिडेम्प्शन रिझर्व्ह, परत घेतलेल्या भांडवलाच्या जागी ठेवायचा राखीव निधी) जाते, ती आजच्या इक्विटीतून आधी वजा व्हायला हवी. पण बायबॅक किती तेच माहीत नाही, म्हणून एक्स-वाय धरून दोन समीकरणं मांडावी लागतात. ती पायरी गाळली की आकडा फुगतो आणि पुढच्या जर्नल एन्ट्र्याही चुकतात. हा एक प्रकार पाच वेगवेगळ्या अटेम्प्टचे (परीक्षा-सत्रांचे) पेपर काढून एका बैठकीत सोडवायला लाव. आधी धडावार, पूर्ण पेपर नंतर.

मोरपंखी
रद्दीचा भाव काय चाललाय तुमच्याकडे?

खडीसाखर
@मोरपंखी विचारू नकोस. तो म्हणतो वर्तमानपत्राला वेगळा, 'असल्या पुस्तकांना' वेगळा.

सव्वादोन
पूर्ण पेपर दुपारी २ ते ५ च सोडवायचा, पावणेदोनला वाचायला सुरुवात. इंटरची वेळच ती आहे, आणि वरणभातानंतर डोकं कसं चालतं ते घरीच कळलेलं बरं.
हिशोब : ३० मार्कांच्या एमसीक्यूंना (बहुपर्यायी प्रश्नांना) ४५ मिनिटं. मग (टॅक्स आणि एफएम-एसएम म्हणजे फायनान्स-स्ट्रॅटेजी सोडून, त्यांची रचना वेगळी) पहिला सक्तीचा आणि उरलेल्या पाचांतले चार, प्रत्येकी १४ मार्क, २५ मिनिटं. झाली १७० मिनिटं, दहा शिल्लक. पंचविसाव्या मिनिटाला ताळेबंद जुळत नसला तरी पान उलटायचं! दोन लाखांचा फरक शोधत बसलं की पुढचा सोपा १४ मार्कांचा प्रश्न जातो. वर्किंग नोट्सना मार्क असतात, न जुळलेल्यालाही बरेच मिळतात. ओएमआरचे (एमसीक्यूच्या उत्तरपत्रिकेवरचे) गोळे सोबत भरत जायचे, शेवटी एकदम नाही. इंटरच्या एमसीक्यूला निगेटिव्ह नाही, तेव्हा कोरा गोळा ठेवणं म्हणजे शुद्ध आळस.

गंधर्व_नाही
कॅल्क्युलेटर १२ आकडी, जास्तीत जास्त सहा फंक्शन, दोन मेमरी. भाऊ, दादा, मित्र यांचा सायंटिफिक नेऊ नका. जीटी (एकूण बेरीज) आणि एम+ (मेमरीत जमा) ही बटणं वापरायला शिका, तक्त्याची बेरीज दोनदा मारावी लागत नाही.

ताळा_जुळेना
जीटी मागच्या प्रश्नाचा साफ केला नाही की काय होतं तेही सांगा 😀

अर्धपोळी
भाजी गॅसवर आहे, पटकन लिहिते. कॉस्टिंगच्या प्रोसेसमध्ये (टप्प्याटप्प्याने बनणाऱ्या मालाच्या खर्चात) नॉर्मल लॉसला (अपेक्षित नासाडीला) इक्विव्हॅलंट युनिट (अर्धवट माल पूर्ण नगांत मोजून येणारा आकडा) शून्य, त्याची भंगार किंमत मटेरियलच्या खर्चातून वजा. ॲबनॉर्मल (अनपेक्षित) लॉसला मात्र युनिट धरायचे. जुन्या पेपरात फिफो (आधीचा माल आधी पूर्ण) आणि ॲव्हरेज (सरासरी) दोन्ही येतात, प्रश्नातल्या त्या शब्दाला आधी गोल करा. फिफोत सुरुवातीच्या साठ्याचं फक्त उरलेलं काम धरायचं.

पाटीपेन्सिल
ऑडिटला सजेस्टेड आन्सर पाठ करू नये. ती घड्याळ न लावता लिहिलेली असतात, ५ मार्कांना दीड पान! तरतूद, प्रश्नातल्या घटनेला ती कशी लागते, निष्कर्ष. बास. मराठी माध्यमातून आलेल्यांना पेपर इंग्रजी नाहीतर हिंदीतच लिहावा लागतो, म्हणून ठरलेले शब्द आधी घोटून घ्या. चूक 'मटेरियल' (महत्त्वाची) पण 'परव्हेसिव्ह' (सगळ्या हिशोबावर पसरलेली) नाही तर ऑडिटरचं मत क्वालिफाइड (तेवढ्यापुरता आक्षेप), दोन्ही असेल तर ॲडव्हर्स (प्रतिकूल). पुरावाच मिळाला नाही आणि परिणाम परव्हेसिव्ह असू शकतो, तर डिस्क्लेमर (मत द्यायला नकार). आणि कारो २०१६ (ऑडिट अहवालाबाबतचा जुना सरकारी आदेश) वरची उत्तरं रद्दीवाल्याला आनंदाने द्या.

तेरीज
तपासताना लाल पेनने पायरीवार मार्क द्या. बाजूला कारण : येत नव्हतं, आकडेमोड चुकली, की वेळ संपला. तिसरं जास्त असेल तर आणखी वाचून उपयोग नाही, लिहायलाच बसावं लागतं. आणि तिन्ही पेपरात ४० आले म्हणजे ग्रुप सुटत नाही. १२० होतात, लागतात १५०.

मोरपंखी
फायनलचं पण लिहा ना कोणी. इंड एएसला (आंतरराष्ट्रीय धर्तीच्या लेखामानकांना) जुने पेपर कुठवर मागे जायचं?

अर्धपोळी
भाजी करपली.