खिडकीतून झाड दिसलं तर पेशंट लवकर बरा होतो का?

प्रश्न: बाबांचं पित्ताशयाचं ऑपरेशन आहे, हॉस्पिटलमध्ये दोन रूम मिळतायत, एकीसमोर नुसती भिंत आणि दुसरीबाहेर मोठा कडुलिंब, पण ती जरा महाग आहे. खरंच फरक पडतो का?

उत्तर १: परवडत असेल तर झाडवाली घे. रॉजर उलरिच या संशोधकाचा १९८४ चा अभ्यास आहे, अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियातला, आणि तेही पित्ताशयाचेच पेशंट होते बरं का! ज्यांना झाडं दिसायची ते विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले, स्ट्राँग पेनकिलरपण कमी लागल्या.

उत्तर २: हो पण पेशंट फक्त ४६ होते आणि तेव्हा पोट उघडून सर्जरी व्हायची, आता बहुतेक दुर्बिणीतून करतात आणि लवकर सोडतात, त्यामुळे ओढाताण करून रूम घेऊ नकोस. घरी आल्यावर बाहेर न्या. इंग्लंडमध्ये जवळपास २० हजार लोकांच्या पाहणीत आठवड्याला १२० मिनिटं निसर्गात घालवणाऱ्यांची तब्येत जास्त चांगली दिसली, एकदम नाही, तुकड्यातुकड्यात केलं तरी चालतं.

उत्तर ३: पुण्यात असाल तर डॉक्टरांना विचारून सकाळी तळजईच्या टेकडीवर न्या, चढ नको, नुसतं सावलीत बसले तरी खूप.