मेसमध्ये शेतकऱ्यांची ज्वारी: रास्त मागणी की हौस?

कणीस
भरडधान्य वर्ष झालं २०२३ मध्ये. जिकडेतिकडे कॉलेजांत नाचणीच्या बिस्किटांचे स्टॉल लागले, फोटो निघाले, आणि मेसमध्ये पुन्हा तोच बटाटा-रस्सा. पर्यावरण गटांना माझं सांगणं एवढंच, की स्टॉल बंद करा आणि मेसच्या निविदेत शिरा, थेट शेतकऱ्यांकडून ज्वारी घ्यायची हे त्यात लिहून घ्या. ठेकेदार करारात लिहिलंय तेवढंच करतो आणि त्यात त्याचं काही चुकत नाही.

हिशेब ३०० मुलांच्या मेसचा. आठवड्यातून दोन रात्री भाकरी, माणशी दोन. भाकरीला ९० ग्रॅम पीठ धरलं तर एका रात्रीला ५४ किलो, आठवड्याला १०८. मेस वर्षाला साधारण ३६ आठवडे चालते, म्हणजे ३९ क्विंटल. कोरडवाहू रब्बी ज्वारी एकरी तीन-चार क्विंटल धरली तर दहा-तेरा एकरांचं पीक झालं. एका शेतकरी उत्पादक कंपनीला हे सहज झेपतं.

सुरुवात पालेभाजीने करू नका. मेथी निवडताना जवळजवळ निम्मी देठात जाते, गाडी दोन तास उशिरा आली की स्वयंपाक कोलमडतो आणि दोष तुमच्या गटावर येतो. ज्वारी, तूरडाळ, कांदा हा टिकणारा माल आधी.

आणि वेळ सांभाळा. निविदा उन्हाळ्यात निघते, तेव्हा तुम्ही गावी. जुलैत परत येता तोवर सह्या झालेल्या असतात. मेस समितीत विषय फेब्रुवारीतच मांडा, इतिवृत्तात नोंदवून घ्या आणि रेक्टरांकडून पोच घ्या.

मुदपाक_हिशेबी
पूर्ण असहमत. पीठ मोजलंत, पैसे मोजलेच नाहीत.

माणशी चार चपात्या म्हणजे १३० ग्रॅम कणीक, ३५ रुपये किलोने साडेचार रुपये. दोन भाकरी म्हणजे १८० ग्रॅम पीठ, दळण धरून ५० ने नऊ रुपये. चपातीला लाटायचं यंत्र आहे. भाकरी हाताने थापायची तर दोन तव्यांवर एक बाई तासाला चाळीसेक काढते. ६०० भाकऱ्यांना पंधरा तास, म्हणजे पाच बाया तीन तास. भाकरीमागे मजुरी तीन रुपये धरा. चपातीपेक्षा ताटामागे दहाच्या वर गेलात, महिन्याला माणशी नव्वद-शंभर. हे कोण भरणार?

दुसरं, ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा नसतो. पीठ शिळं झालं की भाकरी थापताना कडा फाटतात. उकड काढून मळली तर जमते, पण घाईत उकड काढतो कोण? आचारी गुपचूप कणीक मिसळतो आणि तुम्ही 'ज्वारीची भाकरी' म्हणून खाता.

खोली_१४
+१. मेस म्हटलं की पुण्या-मुंबईचीच कॉलेजं डोळ्यापुढे येतात. जुलै २०१८ मध्ये आदिवासी वसतिगृहांतली मुलं पुण्याहून नाशिककडे पायी निघाली होती, ती मेस बंद करून जेवणाचे पैसे खात्यात टाकण्याच्या निर्णयाविरुद्ध. मागणी साधी होती: मेस चालू ठेवा. जिथे दोन वेळचं ताट मिळवायलाच मोर्चा काढावा लागतो, तिथे 'शाश्वत अन्न' हा शब्द उच्चारताना जरा जपून. महिन्याला शंभर रुपये हा काही जणांसाठी मोबाइलचा रिचार्ज नाही, घरी जायचं एसटीचं भाडं आहे.

बांधावरून
आता पुरवणाऱ्याच्या बाजूने. ३९ क्विंटलला कुणी नाही म्हणणार नाही, पण तीन प्रश्न आहेत.

पैसे कधी? कॉलेज ठेकेदाराला महिना-दीड महिन्याने देतं, तो पुढे आणखी लांबवतो. मार्केट यार्डातला व्यापारी त्याला उधारीवर पोसतो, म्हणून ठेकेदार त्याला सोडत नाही. शेतकऱ्याला माल देताना पैसे हवे असतात, मागची देणी काढणीलाच फेडायची असतात.

भाव कोणता? मालदांडी या रब्बी ज्वारीच्या वाणाचा २०२५-२६ चा हमीभाव ३,७४९ रुपये क्विंटल. चांगली मालदांडी याच्या बरीच वर विकली जाते, तेव्हा शेतकरी तुमच्याकडे का येईल? आणि भाव पडला की ठेकेदार यार्डात पळणार. करारात 'अमुक बाजार समितीचा त्या आठवड्याचा सरासरी दर अधिक इतके टक्के, पण किमान इतके रुपये' असं लिहा. निव्वळ 'रास्त भाव' लिहिलं की भांडण ठरलेलं.

तिसरं, 'सेंद्रिय' हा शब्द निविदेत घालू नका. प्रमाणपत्राच्या वाटेने गेलं तर हंगामी पिकाला रासायनिकातून सेंद्रियकडे जायला दोन वर्षांचा रूपांतर काळ लागतो. सहभाग हमी पद्धत स्वस्त आहे, पण त्यालाही किमान पाच शेतकऱ्यांचा गट आणि एकमेकांच्या शेताची तपासणी लागते. त्यापेक्षा 'मालदांडी, यंदाच्या रब्बीची, ओलावा १२ टक्क्यांच्या आत, चाळलेली' असं लिहा. ते गोदामात तपासता येतं.

कणीस
पैशांचा मुद्दा मान्य, त्यावर तोड आहे. मेसची अनामत माणशी हजार धरली तर तीन लाख नुसते पडून असतात. ४५ रुपये किलोने वर्षाची ज्वारी होते १ लाख ७५ हजार ५०० ची. काढणीनंतर एकदाच खरेदी करा, शेतकऱ्याला तिथेच रोख द्या, आणि ठेकेदाराच्या बिलातून दरमहा कापून अनामत भरून काढा. मात्र याला प्राचार्यांची लेखी मंजुरी हवी, नाहीतर लेखापरीक्षणात अडकाल.

पाच बाया बचत गटाच्या घ्या, भाकरीमागे ठरलेल्या दराने. शिळ्या पिठाचा प्रश्न दळणाच्या वारावर सुटतो, भाकरीच्या आदल्या दिवशी ५४ किलोच दळा.

मुदपाक_हिशेबी
वर्षाची ज्वारी होस्टेलात ठेवणार? पावसाळ्यात सोंडे पडतील. दाणा दाताखाली कट्‌कन तुटेल इतका वाळलेला हवा, पोती लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून दीड-दोन फूट लांब, नाहीतर हवाबंद पिशव्या. आणि कुणीतरी शहाणा धान्यातली कीड मारायच्या सेल्फॉसच्या गोळ्या टाकेल. त्यातून निघणारा फॉस्फिन वायू माणसाला मारतो. मुलं झोपतात त्या इमारतीत ती गोळी नकोच.

ओला_कचरा
ज्यादा शंभर रुपये ताटातलं उष्टं कमी करून निघतील, असं पोस्टरवर लिहायचा मोह होईल. लिहू नका, निघत नाहीत. माणशी ७० ग्रॅम भात वाचला तरी ३०० ताटांचा २१ किलो शिजलेला भात, म्हणजे सात किलो तांदूळ. ताटामागे एक रुपयाच्या आसपास.

उष्टं बायोगॅसला घाला, खताच्या ढिगात तेलकट-खारट अन्न वास सुटवतं. दिवसाला ५० किलोचे साधारण पाच घनमीटर, म्हणजे सव्वादोन किलो एलपीजीइतका गॅस. १९ किलोचा एक सिलिंडर आठ-नऊ दिवसांनी वाचतो. दिवाळीत आणि मे महिन्यात मेस बंद, तेव्हा टाकी उपाशी. थोडं शेण घालत राहायला कुणाला ठेवणार ते आधी ठरवा.

खोली_१४
मग तो सिलिंडरच भाकरीच्या मजुरीला लावा. वर्गणी वाढवणार असाल तर निदान ज्यांना शिष्यवृत्तीतून मेसचे पैसे मिळतात, त्यांच्या मंजूर रकमेपलीकडे एक रुपया नको, हे कलम करारात घाला. ते नसेल तर मेस समितीत माझं मत विरोधात.

कणीस
घालतो. पण सिलिंडर आठ दिवसांनी एक, आणि मजुरी एका रात्रीची अठराशे. दोन रात्रींऐवजी एकच रात्र भाकरी ठेवली तर किती तूट उरते, ते हिशेबी, तुम्हीच मांडून द्या.