मणका सरकला म्हणजे कमरेत नेमकं काय होतं?

रानजाई:
माझी आई ५८ वर्षांची, चिपळूणजवळ आमची भातशेती. यंदा लावणीच्या चौथ्या दिवशी तरव्याचा भारा उचलून वळली आणि उसण भरली, ती अजून गेली नाही. डाव्या ढुंगणातून मांडीच्या मागून, नडगीच्या बाहेरच्या अंगाने पावलावर अंगठ्यापर्यंत कळ जाते. एमआरआयमध्ये ‘एल४-एल५ डिस्क बल्ज’ आलंय. डॉक्टरांनी गोळ्या आणि व्यायाम दिलेत. पण गावात जो तो म्हणतो मणका सरकलाय, आणि एक जण तो बसवून देतो म्हणतो. आई विचारते, “सरकला म्हणजे गेला कुठं? आणि कंबर दुखतेय तर अंगठ्याला कळ का?” तिला वाचून दाखवता येईल असं कुणी सांगाल का?

कोयनाकाठ:
मी २१ वर्षं फिजिओथेरपी करते. आईंशीच बोलते.

मावशी, उभ्या राहा, दोन्ही हात कमरेवर ठेवा. बोटांना हाडाची कड लागेल. तिच्यावरून अंगठे मागे कण्यापर्यंत आणा. ते जिथे भेटतील तिथे साधारण तुमचा चौथा मणका. ‘एल’ म्हणजे कमरेचा, असे पाच असतात. त्यांच्यावर पाठीचे बारा, पण त्यांना बरगड्यांचा पिंजरा आहे. कमरेच्या पाचांना तो नाही, आणि वरचा सगळा भार त्यांच्यावर.

दोन मणक्यांच्या मधे गादी असते, तीच रिपोर्टातली ‘डिस्क’. बाहेरून चिवट तंतूंची वेटोळी, आत मऊ गर. ओणवं झालं की गादी पुढून चेपते आणि गर मागे रेटला जातो. तुमची गादी मागे फुगलीय, मणका जागेवरच आहे. मणका खरोखर सरकण्याचा आजार वेगळा, तो असता तर रिपोर्टात तसं लिहिलं असतं. मग बसवायचं काय?

आता अंगठा. मुख्य मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशीच संपतो. खाली घोड्याच्या शेपटीसारखा नसांचा झुबका उतरतो आणि प्रत्येक मणक्याखालून डावी-उजवी एकेक नस बाहेर पडते. चौथ्या-पाचव्यामधली गादी फुगली की बहुधा पाचवी नस चिडते. ती जाते नडगीच्या बाहेरून अंगठ्यापर्यंत. चिमटा कमरेत, पण मेंदूला वाटतं अंगठाच दुखतोय.

लावणीचं मुद्दाम सांगते. कण्याच्या दोन्ही बाजूंना जाड दोरासारखे स्नायू हाताला लागतात. थोडं वाकलं की ते भार धरतात, पण पार खाली ओणवं झालं की ते ढिले पडतात आणि भार गादीवर आणि मागच्या बंधांवर येतो. तसे तास न् तास काढायचे, मग पाय चिखलात रुतलेला असताना भारा उचलून पिळायचं! माझ्याकडे लावणीनंतर येणाऱ्या बायका हेच सांगतात.

बहुतेकांची कळ ६ ते १२ आठवड्यांत उतरते. पडून राहू नका, झेपेल तसं चाला. मात्र लघवी अडली किंवा कळेनाशी झाली, मांड्यांच्या मधली जागा बधिर झाली, पाऊल उचलेना, तर त्याच दिवशी मोठं हॉस्पिटल गाठा.

तिठा:
बसवणाऱ्याकडे जाऊ नका हो. माझ्या भावाची कंबर अशीच एकाने पिळली. चालत गेला होता, रिक्षात आडवा घालून आणला. दीड महिना पाय जड होता.

माळरान:
बाबांना शेवटच्या बरगडीखाली दुखायचं, आम्ही आठवडाभर पाठीला बाम चोळला. निघाला मूतखडा. कोयनाकाठताई, हे कसं ओळखायचं?

कोयनाकाठ:
मूत्रपिंडं शेवटच्या बरगड्यांच्या आड असतात, म्हणून घोटाळा होतो. स्नायूचं दुखणं हालचालीने बदलतं. खड्याची कळ कुशी बदलली तरी सुटत नाही, जांघेकडे उतरते. सोबत थंडी-ताप असेल तर थांबू नका.

रानजाई:
वाचून दाखवलं. आईने लगेच हात कमरेवर ठेवले, अंगठे मागे नेले आणि दाबून म्हणाली, “हितंच.” मग पायाच्या अंगठ्याकडे बघत बसली. बसवणाऱ्याला नको म्हणून तिनेच निरोप पाठवलाय. सोमवारपासून व्यायामाला नेते.