नर्सिंगच्या मुलीकडे दारू सापडली: दाखला द्यायचा की उपचाराला पाठवायचं?

रात्रपाळी:
२२ वर्षं वॉर्डात काढली, आता पुण्यातल्या एका नर्सिंग कॉलेजात क्लिनिकल शिकवते. मागच्या आठवड्यात होस्टेलच्या तपासणीत तिसऱ्या वर्षाच्या एका मुलीच्या कॉटखाली कोल्ड्रिंकच्या बाटलीत व्होडका सापडली. सोबत अल्प्राझोलामची, म्हणजे गुंगी आणणाऱ्या गोळ्यांची, अर्धी संपलेली स्ट्रिप. वडिलांना बोलावून घेतलं. रात्रभर एसटीने आलेला माणूस, ऑफिसबाहेरच्या बाकावर दोन तास बसून होता. हातातल्या तिकिटाची घडी घालायचा, उलगडायचा, परत घालायचा. आत दाखल्याची चर्चा चालली होती. निर्णय शुक्रवारच्या बैठकीत होईल.

माझं म्हणणं असं: तिला वॉर्डातून आजच बाजूला करा, पण कॉलेजातून काढू नका. दाखला दिला, की त्या मजल्यावरच्या बाकीच्या मुली एवढंच शिकतील की बाटली नीट लपवायची. तुम्हाला काय वाटतं?

बावधनकर:
ताई, तुमची कळकळ पोचली. पण मी कॉटशेजारच्या स्टुलावर बसलेला माणूस आहे. आई १९ दिवस आयसीयूत होती. बीपी टिकवणाऱ्या नॉरअ‍ॅड्रेनलिनचा पंप लावलेला. सिरिंज संपत आली की तो बीप बीप करायचा आणि सिस्टर धावत यायच्या. एकदा बदलायला जरासा उशीर झाला, तर मॉनिटरवरचा बीपीचा आकडा डोळ्यांदेखत खाली उतरला. त्या सिस्टरना गोळीची गुंगी असती तर? पायलटला उड्डाणाआधी मशीनमध्ये फुंकावं लागतं. मग नर्सला सूट कशासाठी? ज्यांना झेपत नाही त्यांनी दुसरं काहीतरी शिकावं.

थर्डइयर_पुणे:
काका, तुमच्या आईबद्दल वाचून पोटात कालवलं. पण "झेपत नाही" एवढ्यावर हे संपत नाही. मी बी.एस्सी. नर्सिंगला आहे. नाईट सकाळी आठला सुटते, नऊला लेक्चर. दुपारी खोलीत झोप येत नाही. मग कोणीतरी म्हणतं, अर्धी गोळी घे. आम्हाला औषधांची नावं, डोस सगळं पाठ असतं, म्हणून वाटतं आपण सांभाळू. तिथेच फसतो.

१९ वर्षांचा असताना मी पहिल्यांदा वारलेल्या पेशंटची बॉडी बांधली. हनुवटीखालून बँडेज घेऊन तोंड मिटवायचं, नाकात कापूस घालायचा. ते पेशंट आजोबा कालपर्यंत मला "बाळ" म्हणत होते. संध्याकाळी मेसमध्ये भात वाढून घेतला. कसा आहेस, असं कोणीही विचारलं नाही.

दोन_मुलींची_आई:
बाळा, वाईट वाटलं वाचून. तरी एक बोलतेच. महाराष्ट्रात बिअरलासुद्धा २१ पूर्ण लागतात, दारूला २५. म्हणजे या मुलीने कायदा मोडलाच. २०२४ मध्ये कुरकुंभच्या कारखान्यात एमडी या ड्रगचा साठा सापडला, तेव्हापासून पुण्यात मुलगी ठेवताना जीव मुठीत असतो. माझी मुलगी त्याच खोलीत राहत असती तर मी गप्प बसले नसते.

रात्रपाळी:
गप्प बसा असं मीही म्हणत नाही. आणि बावधनकर, तुमच्या भीतीला माझ्याकडे उलट उत्तर नाही. वॉर्डातलं औषध चोरणं हा वेगळाच गुन्हा. फोर्टविन या वेदनाशामक इंजेक्शनची अँप्यूल स्वतःला टोचून फ्रॅक्चरच्या पेशंटला कोणी सलाइनचं पाणी दिलं, तर तो माणूस रात्रभर कण्हत पडतो. म्हणूनच मॉर्फिनसारखी औषधं दुहेरी कुलपात असतात, रजिस्टरवर सही लागते, रिकामी अँप्यूल परत द्यावी लागते. तिथे मी कोणासाठीही माफी मागणार नाही. या मुलीने वॉर्डातलं काही घेतलेलं नाही, स्टॉक मी स्वतः मोजला.

पायलटचं उदाहरण तुम्हीच दिलंत. फुंकल्यावर दारू निघाली तर पहिल्या वेळी त्याचं लायसन्स तीन महिने निलंबित होतं, दुसऱ्यांदा तीन वर्षं, तिसऱ्यांदा कायमचं रद्द. म्हणजे तिथेही पहिल्याच चुकीला आयुष्य पुसत नाहीत. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारू आणि ड्रग्जचं व्यसन मानसिक आजारातच धरलंय. एनडीपीएस या अमली पदार्थांच्या कायद्याचं ६४अ कलम तर स्वतःहून उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसाला सेवनाच्या खटल्यापासून संरक्षण देतं. आणि येरवड्याला मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून उभं आहे, बायकांसाठी त्यांचा निशिगंध हा वेगळा विभाग आहे. आपल्याच शहरात हे असताना आपण मुलीच्या हातात दाखला ठेवून तिला एसटीत बसवायचं?

बावधनकर:
तीन महिन्यांचं मला ठाऊक नव्हतं. बरं, तेवढं मान्य. पण परत आल्यावर ड्यूटीआधी तपासणी हवी, आणि ती लेखी. यावर मी अडून राहणार.

थर्डइयर_पुणे:
तपासणी ठेवा, पण रेसिडेंट डॉक्टरांनाही ठेवा. फक्त नर्सिंगच्या मुलींनी फुंकायचं, हे चालणार नाही.

रात्रपाळी:
दोन्ही मुद्दे लिहून घेतले. तीन महिने वॉर्ड बंद, उपचार, परत येताना तपासणी, सगळ्यांना सारखी. शुक्रवारी हाच कागद पुढे ठेवते. वडील अजून पुण्यातच आहेत, नातेवाइकांकडे थांबलेत. रोज सकाळी फोन येतो, "मॅडम, पोरगी जेवली का?"