मदत हवी आहे: नेटवर्क नसलेल्या वर्गात दीक्षा ॲप कसे वापरावे?

नमस्कार. मी डी.एल.एड. या शिक्षक पदविकेच्या दुसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी असून यवतमाळ जिल्ह्यातील एका खेड्यातील शाळेत माझी आंतरवासिता सुरू आहे. बालभारतीच्या पुस्तकांतील क्यूआर कोड दीक्षा या सरकारी शैक्षणिक ॲपवर उघडावेत, असे आम्हाला शिकवले गेले. परंतु येथे नेटवर्क मिळत नसल्याने मी व्हिडिओ आदल्या दिवशीच डाउनलोड करून नेते. तरीही एका मोबाइलभोवती चौथीची २२ मुले जमली की मागच्यांना पुढच्यांची डोकीच दिसतात. अपूर्णांक शेवटी मी भाकरी मोडूनच शिकवले!

दुपारी वीज नसते, तेव्हा बॅटरीवर चालणारा छोटा प्रोजेक्टर दिवसाच्या उजेडात उपयोगी पडतो का? शिवाय काही मुले घरी कोलामी ही कोलाम आदिवासींची भाषा बोलतात. व्हिडिओचा मूळ आवाज काढून गावातील जाणत्या बाईंच्या आवाजातील कोलामी निवेदन मोबाइलवरच कसे जोडावे, हे कृपया अनुभवी शिक्षकांनी सांगावे.